चामड्याची सीट: बसवणी, ताण आणि खारी हवा

सायकलच्या चामड्याच्या सीटमध्ये गादी नसते. पाच मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, कमावलेल्या चामड्याचा एकच तुकडा पुढे नाकाच्या पत्र्यावर आणि मागे लोखंडी कमानीवर रिवेट मारून बसवलेला असतो. या दोन टेकूंच्या मधला सगळा भाग अधांतरी ताणलेला राहतो. खालून दोन सळ्या जातात, जुन्या जड सीटांना चार, आणि त्या सीट पाइपच्या डोक्यावरील क्लिपमध्ये आवळल्या जातात. नाकाच्या पोटात एक लांब बोल्ट असतो. त्याचा नट फिरवला की नाकाचा पत्रा पुढे ढकलला जातो आणि चामडे ताणले जाते.

या बोल्टाविषयी जितका गैरसमज आहे तितका सीटच्या दुसऱ्या कुठल्याच भागाविषयी नसेल. सीट टोचते, रुतते, मांड्या घासतात, अशी काहीही तक्रार असली तरी पाना प्रथम तिथेच लागतो. वास्तविक त्याची पाळी सर्वांत शेवटी यायला हवी. आधी सीट बसणाऱ्याच्या मापाची आहे का ते पाहायचे, मग उंची, मग झोक आणि पुढे-मागे; त्यानंतर चामड्याला अंगवळणी पडायला वेळ द्यायचा; आणि एवढे करूनही मधला भाग लोंबू लागला तरच ताण वाढवायचा. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर या क्रमाला आणखी एक बंधन येते, ते हवेचे. वर्षातले चार महिने चामडे ओलसरच असते, आणि ओले चामडे ताणणे ही सीट फाडण्याची खात्रीची रीत आहे.

अशा सीटचा उगम घोड्याच्या साजात आहे. जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी 1866 मध्ये बर्मिंगहॅममध्ये घोड्याचा साज आणि चामड्याच्या वस्तू बनवण्याचा धंदा सुरू केला आणि 1882 मध्ये सायकलच्या चामडी सीटचे पेटंट घेतले. त्यांच्या कंपनीची बी-17 ही सीट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात आली आणि किरकोळ फरकांनी आजही बनते. भारतात अशा सीटा प्रथम विलायती सायकलींबरोबर आल्या. पुढे सायकल देशातच बनू लागली. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला 1949 साली स्थापन झालेली टी. आय. सायकल्स, सोनीपतची अ‍ॅटलस (1951) आणि लुधियानाची हिरो (1956) या कारखान्यांच्या काळ्या, दांडीच्या, 28 इंची चाकांच्या सायकली गावोगाव पोचल्या. त्यांच्यावर मागे जाड गुंडाळी स्प्रिंगा असलेली रुंद चामडी सीट हा ठरलेला ऐवज होता. टपालवाला, शाळामास्तर, पहाटे भोंगा वाजवत फिरणारा पाववाला यांच्या सायकलींवर ती दिसे. नंतर रेक्झिन आणि फोमच्या स्वस्त सीटा आल्या आणि चामडे मागे पडले. अलीकडे सागरी मार्गाने देवगड, आचरा, मालवण, वेंगुर्ला असा लांबचा प्रवास करणाऱ्या हौशी सायकलस्वारांमुळे ते पुन्हा दिसू लागले आहे. या प्रवाशांच्या सीटा अरुंद आणि बहुधा बिनस्प्रिंगाच्या असतात. जुन्या सायकलीवरची आणि यांची जात एकच. माप आणि बसण्याची ढब मात्र निराळी.

फोम दाबला की दबतो आणि उठल्यावर पुन्हा फुगतो. चामडे तसे करत नाही. ज्या दोन जागी वजन पडते तिथे ते हळूहळू खोलगट होते आणि तसेच राहते. हा गुण कमावण्याच्या पद्धतीतून येतो. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींतील टॅनिनने कमावलेले चामडे ताठ आणि घट्ट असते; ओलावा व दाब मिळाला की आकार घेते आणि वाळल्यावर तो धरून ठेवते. कोल्हापुरी चपलेचे चामडे याच पद्धतीने कमावतात, आणि नवी चपल आठवडाभर चावून मग पायाची होऊन जाते त्यामागचे कारणही हेच. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे मऊ आणि पाण्याला जास्त टिकणारे असते, पिशव्या-जाकिटांना ते चांगले, पण सीटवर ताणून बसवले तर आकार न घेता नुसते सैल पडत जाते. नवी सीट घेताना किंवा जुनीवर नवे चामडे चढवताना ही गोष्ट आधी विचारून घ्यावी. कापलेल्या कडेचा रंग पाहिला तरी अंदाज येतो: वनस्पतींनी कमावलेल्याची कड आतपर्यंत तपकिरी असते, क्रोमची बहुधा निळसर-करडी.

मापाचे म्हणजे रुंदीचे. माणूस सायकलवर बसतो तेव्हा भार नितंबांच्या मांसावर नव्हे, ओटीपोटाच्या हाडांच्या खालच्या दोन टोकांवर पडायला हवा. बोटांनी चाचपली तर ही बैठकीची हाडे सहज लागतात. दोन टोकांमधले अंतर माणसागणिक बदलते, साधारणपणे 10 ते 14 सेंटिमीटरच्या दरम्यान असते, आणि स्त्रियांमध्ये सरासरीने जास्त भरते. अंगाने जाड असलेल्याचे अंतर जास्त असेलच असे नाही. त्यामुळे माणसाकडे पाहून सीट ठरवणे फसवे असते. मोजायची रीत सोपी आहे. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा ओट्याच्या पायरीवर किंवा घडीव चिऱ्यावर ठेवावा, पातळ कपड्यांत त्यावर बसावे, किंचित पुढे वाकावे, टाचा उचलाव्यात आणि अर्ध्या मिनिटाने उठावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधले अंतर म्हणजे हवे ते माप. खळगे नीट दिसले नाहीत तर पुठ्ठ्यावर खडू आडवा फिरवावा, दबलेली जागा कोरी राहते.

सीटवर छापलेली रुंदी मागच्या कमानीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची असते. तिच्या कडेला पत्रा आणि रिवेटा असतात, तिथे चामडे लवत नाही. म्हणून दोन्ही हाडे कमानीच्या आत आणि तिच्यापासून दोन-तीन सेंटिमीटर पुढे, अधांतरी चामड्यावर टेकली पाहिजेत. त्यासाठी सीट हाडांच्या अंतरापेक्षा निदान तीन-चार सेंटिमीटर रुंद लागते. पाठ ताठ ठेवून बसणाऱ्याला आणखी रुंद, हँडलवर ओणवे होणाऱ्याला थोडी कमी. कारण माणूस पुढे झुकला की ओटीपोट पुढे कलते आणि हाडांचा अधिक अरुंद भाग सीटवर येतो. काळ्या सायकलीवरची रुंद स्प्रिंगवाली सीट उंच हँडलला साजेशी आहे. तीच खाली वाकलेल्या हँडलच्या सायकलीला लावली तर मांड्यांच्या आतल्या बाजू घासून लाल होतात. उलट प्रकारही घडतो. अरुंद सीट हौसेने उंच हँडलच्या सायकलीवर चढवली की हाडे थेट कमानीच्या पत्र्यावर येतात, आणि मग दोष चामड्याला दिला जातो.

माप जमले की उंची. पायडल सर्वांत खाली आणून त्यावर टाच ठेवली असता गुडघा पुरता सरळ व्हावा, कंबर मात्र एका बाजूला कलू नये, हा जुना आणि पुरेसा चांगला नियम आहे. मग पायडल नेहमीप्रमाणे चवड्याने मारले की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. हे माप ज्या पादत्राणात सायकल चालवायची त्यातच घ्यावे. जाड तळाचे बूट आणि घासून पातळ झालेली रबरी चपल यांत सेंटिमीटरभर फरक सहज पडतो. आकड्यात हवे असेल तर पायाची आतली लांबी, जांघेपासून जमिनीपर्यंत, मोजून तिला 0.883 ने गुणावे. येणारे अंतर क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत धरावे. 80 सेंटिमीटरला ते सुमारे 70.6 सेंटिमीटर येते. नव्या चामडी सीटच्या बाबतीत हे माप तीन-चार मिलिमीटर जास्त ठेवायला हरकत नसते, कारण काही आठवड्यांत चामडे तेवढे खाली बसते.

सीट उंच झाली असेल तर मागून पाहणाऱ्याला पायडल मारताना कंबर डावी-उजवी डुलताना दिसते, आणि चालवणाऱ्याला गुडघ्याच्या मागची शीर ताणल्यासारखी वाटते. बुटकी असेल तर दुखणे गुडघ्याच्या वाटीपाशी येते. आपल्याकडे चूक बहुतेक बुटकेपणाचीच असते. सिग्नलला किंवा एस.टी.ला वाट देताना दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवेत, या समजुतीने सीट खाली ठेवली जाते. पण सीट बुटकी असली की पाय शरीराचा भार उचलत नाहीत, तो सगळा बैठकीवर येतो, आणि मऊ सीटची मागणी सुरू होते.

सीट पाइप वर-खाली करताना तो फ्रेममध्ये निदान अडीच इंच तरी आत राहिला पाहिजे. नव्या पाइपांवर तशी रेघ असते. जुन्यांवर आपणच खूण करून घ्यावी. किनाऱ्यावर याच जागी एक वेगळेच संकट दबा धरून असते. खाऱ्या दमट हवेत लोखंडी पाइप फ्रेमच्या नळीत गंजून असा धरतो की दोन पावसाळ्यांनंतर पाना, हातोडा, रॉकेल यांपैकी कशालाही दाद देत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा पाइप आणि लोखंडी फ्रेम अशी जोडी असेल तर दोन धातूंमधल्या विद्युत-रासायनिक क्रियेमुळे काम आणखी लवकर होते. म्हणून आगोटीच्या कामांत, मेअखेरीस, पाइप एकदा पूर्ण बाहेर काढून पुसावा, ग्रीसचा थर द्यावा आणि पुन्हा खुणेपर्यंत बसवावा. गणपती झाले की पुन्हा एकदा.

झोक म्हणजे नाक वर की खाली. फोमच्या सीटला पाण्याच्या पातळीत सपाट ठेवण्याचा नियम चालतो, चामड्याच्या सीटला तो जसाच्या तसा चालत नाही. तिचा मधला भाग किंचित खोल असतो आणि वापराने आणखी खोल होतो. नाक आणि मागची कमान यांवर फूटपट्टी आडवी ठेवून ती समपातळीत आणली, तर बसणाऱ्याची हाडे टेकतात तो भाग पुढच्या बाजूला उतरता राहतो. माणूस नकळत पुढे घसरत जातो आणि ते घसरणे हातांनी थोपवतो. तासाभराने मनगटे आणि खांदे भरून येतात, तळहातांना मुंग्या येतात. दुखणे हातात असते, दोष सीटचा असतो. यावर उपाय म्हणजे नाक किंचित उचलणे, अगदी एक-दोन अंश, म्हणजे फूटपट्टीच्या एका टोकाला बोटाच्या अर्ध्या जाडीएवढा उठाव. जास्त उचलले तर जांघेतल्या मऊ भागावर आणि तिथून जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब येतो. तिथे बधिरपणा जाणवला की ती सवयीने जाणारी गोष्ट समजू नये. उतरून झोक बदलावा. झोक बदलूनही बधिरपणा राहिला तर सीट अरुंद आहे किंवा मधून फारच लोंबली आहे.

जुन्या पद्धतीच्या क्लिपमध्ये झोक बदलायला एक खाच असते, शब्दशः. क्लिपच्या चकत्यांवर दाते असतात आणि ते एकमेकांत अडकून सीट धरतात. नट नुसता ढिला करून सीट हिसडली तर ते दाते झिजतात. दोन्ही बाजूंचे नट इतके सैल करावेत की चकत्या खुळखुळू लागतील, मग सीट हव्या कोनात धरून दाते पूर्ण बसलेत हे बोटाने चाचपावे, आणि दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. एक नट पूर्ण आणि दुसरा अर्धा आवळला तर दाते माथ्याला माथा लागून अडकतात. सीट पक्की झाली असे वाटते, पण पहिल्याच खड्ड्यात ती कडकन एक दाता फिरते आणि नाक खाली किंवा वर जाते. दात्यांची चाल एक-दोन अंशांपेक्षा मोठी असते, त्यामुळे या क्लिपवर मनाजोगता झोक कधीकधी मिळतच नाही. तेव्हा नाक किंचित वर असलेला दाता निवडावा. पुढे चामडे बसले की तो बरोबर ठरतो. नव्या सायकलींच्या दोन बोल्टांच्या क्लिपमध्ये हा प्रश्न नसतो.

पुढे-मागे किती, यासाठी गवंड्याचा ओळंबा कामी येतो. सायकलवर बसून दोन्ही पायडल जमिनीला समांतर आणावेत आणि पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडावा. तो पायडलच्या दांड्यावर किंवा जरासा मागे पडला तर सुरुवात ठीक. यामागे शरीरशास्त्राचा ठाम आधार नाही, ती एक सोय आहे. पण सोय म्हणून चांगली आहे. चामडी सीटची अडचण अशी की तिच्या सळ्यांचा सरळ भाग आखूड असतो, फोमच्या सीटइतकी ती सरकत नाही. काळ्या सायकलीच्या फ्रेमची सीटनळी मागे बरीच कललेली असते, सुमारे 68 अंशांत, त्यामुळे तिथे ही उणीव जाणवत नाही. हल्लीच्या 72-73 अंशांच्या उभ्या नळीवर मात्र सीट पूर्ण मागे ओढली तरी पुढेच राहते आणि स्वार कमानीच्या पत्र्यावर जाऊन बसतो. अशा वेळी मागे बाक असलेला सीट पाइप घ्यावा लागतो. जुन्या क्लिपला एक फायदा आहे. ती उलटी फिरवून आडवा बोल्ट पाइपच्या मागचा पुढे किंवा पुढचा मागे नेला की सीट दोनेक सेंटिमीटर हलते, वेगळा पाइप लागत नाही.

सीट मागे गेली की ती क्रँकपासून लांबही जाते, हे बहुधा विसरले जाते. 73 अंशांच्या नळीवर एक सेंटिमीटर मागे सरकवली तर पोच सुमारे तीन मिलिमीटरने वाढते, 68 अंशांवर जवळपास चार. म्हणून पुढे-मागे केल्यावर उंची पुन्हा तपासावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तीही थोडीच, आणि पाइपवर व सळ्यांवर चिकटपट्टीची खूण ठेवावी. खूण नसली की चौथ्या बदलानंतर आधीचे चांगले कोणते होते ते कळेनासे होते.

एवढे झाल्यावर चामड्याला त्याचे काम करू द्यावे. नवी जाड सीट काही शे किलोमीटर चालवल्याशिवाय बसत नाही. सुरुवातीला मालवण ते तारकर्ली-देवबागसारखा सपाट, आखूड रस्ता बरा. नवी सीट घालून थेट कुडाळची चढउताराची वाट धरणे म्हणजे स्वतःलाच शिक्षा. ही मुदत कमी करण्याच्या अनेक युक्त्या सांगितल्या जातात: सीट रात्रभर पाण्यात बुडवणे, खोबरेलात भिजवणे, हातोडीने ठोकणे. पाण्यात भिजलेल्या चामड्याचे तंतू एकमेकांवरून सहज सरकतात, त्यामुळे सीट खरोखरच दोन दिवसांत मऊ होते; पण तंतूंचे ते सरकणे थांबत नाही आणि वर्षभरात सीट लोंबते. तेलाचेही तेच, शिवाय ते विजारीला लागते ते वेगळे. ज्या चामड्याने दहा-वीस वर्षे साथ द्यायची त्याच्याकडून पहिल्या महिन्यात नरमाईची अपेक्षा करू नये.

आता तो बोल्ट. चामडे वापराने लांबते, खाटेची नवार सैल पडावी तसे. सीट सैल झाल्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. मधल्या भागावर दोन्ही अंगठ्यांनी दाबले असता तो सहज खोल जातो. बसल्यावर बाजूचे पदर बाहेर फाकून मांड्यांना लागतात. आणि फार झाले तर खड्ड्यात बोल्टाची किंवा सळईची टोच बसते. अशा वेळी नाकाखालच्या नटाला पाव फेरा द्यावा, एक-दोन दिवस चालवून पाहावे, गरज वाटली तर आणखी पाव. एकदम तीन-चार फेरे देणाऱ्याला सीट टणक झाल्याचे समाधान मिळते, पण मध्ये नाकापासून मागेपर्यंत एक उंचवटा उठतो, जो अगदी नको त्या जागी दाबतो, आणि सगळा ताण नाकाच्या दोन-तीन रिवेटांवर येऊन चामडे तिथे फाटायला लागते. नट कुठे असतो हेही पाहून घ्यावे. नाकाच्या आत खोल, सळ्यांच्या बेचक्यात, जिथे साधा पाना फिरत नाही. त्यासाठी बारीक चपटा पाना लागतो. जुन्या सीटांवर हा नट गंजून बोल्टाशी एकजीव झालेला असतो. त्यावर गंज सोडवणारे तेल काडीने थेंबभर सोडावे आणि वर चिंधी धरावी. रॉकेलची पिचकारी मारू नये. रॉकेल चामड्यातली चरबी विरघळवून नेते आणि मागे कोरडी, तडकणारी साल उरते.

आणि हे काम कोरड्या दिवसांतच करावे. जून ते सप्टेंबर या काळात किनाऱ्यावरील हवेची आर्द्रता बहुतेक वेळ 80 टक्क्यांच्या वरच असते; चामडे ती ओल शोषते, सैल पडते, आणि नेमके तेव्हाच पाना घ्यावासा वाटतो. त्या वेळी ताणलेली सीट दिवाळीच्या सुमाराला कोरडी पडते, आखडते, आणि आधीच ताणलेली असल्याने रिवेटांपाशी चरचर फाटते. पावसाळ्यातला सैलपणा सोसावा. कोजागरीच्या आसपास ऊन स्थिरावले की सीट पुन्हा चाचपून पाहावी. बऱ्याचदा तोवर तो सैलपणा आपसूक निम्मा झालेला असतो.

पदर फाकण्यावर बोल्टापेक्षा चांगला उपाय चांभाराकडे असतो. दोन्ही पदरांच्या खालच्या कडेला आरीने समोरासमोर पाच-सहा भोके पाडून मेण लावलेला जाड दोरा नाडीसारखा खालून ओवून घ्यायचा. पदर आत ओढले गेले की वरचा माथा पुन्हा गोलसर होतो, हाडांखालचे चामडे मुळीच न ताणता. भोके कडेपासून सेंटिमीटरभर आत हवीत, आणि दोरा हाताने ओढून बसेल इतकाच आवळावा. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि जुन्या लोंबलेल्या सीटला त्याने आणखी चार-पाच वर्षे मिळतात.

पावसात सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली सर्वत्र दिसते. चालवताना ती ठीक, पण घरी आल्यावर काढली नाही तर आतली वाफ कोंडते आणि आठ दिवसांत बुरशी धरते. तिच्याहून महत्त्वाचा मागचा मडगार्ड. चामड्याची वरची बाजू घोटलेली आणि मेण दिलेली असते, खालची खरबरीत आणि उघडी. मागच्या चाकाचे पाणी थेट तिच्यावर उडते आणि टिपकागदासारखे आत शिरते. हौशी सायकलींना मडगार्ड नसतात, म्हणून वरून झाकलेली सीटही खालून चिंब होते. भिजलेल्या सीटवर बसून मुक्काम गाठणे टाळता आले नाही तर निदान ती वाळवताना घाई करू नये. पडवीत, सावलीत, वाऱ्यावर. चुलीच्या धगीवर किंवा उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. वनस्पतींनी कमावलेले ओले चामडे सुमारे 75 ते 85 अंशांना आकसून कायमचे कडक होते, आणि त्याच्या बरेच खालच्या तापमानालाही घाईने वाळल्यास तडे जातात.

सीटवर पांढरेपणा आला की तो कशाचा हे ओळखता यायला हवे. तीन शक्यता असतात. बुरशी ठिपक्याठिपक्यांची, मऊ, किंचित हिरवट असते आणि तिला कुबट वास येतो. चरबी किंवा मेण वर आले असेल तर तळहाताने चोळल्यावर ऊब लागून ते नाहीसे होते. मीठ चोळून जात नाही, बोटाला कचकचते आणि दमट दिवशी सीट चिकट करते. चिवल्याच्या किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावरील ओल्या, घट्ट वाळूवरून सायकल पळवणे मजेचे असते, पण मीठ येते ते तिथूनच. बुरशी घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडावी आणि जागा स्पिरिटच्या जेमतेम ओल्या बोळ्याने पुसावी. मिठाला गोड्या पाण्यात पिळलेले फडके दोन-तीनदा फिरवणे पुरते. स्प्रिंगा आणि सळ्या याच फडक्याने पुसून त्यांना तेलाचा हात द्यावा. तिथला गंज दिसायला वाईट एवढाच प्रश्न नाही. चामड्यातील टॅनिन आणि लोखंड यांचा ओलाव्यात संयोग झाला की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी काळी शाई करत ती याच क्रियेने. रिवेटांभोवती आणि कमानीच्या कडेने दिसणारे काळे डाग त्यातूनच येतात. ते धुऊन जात नाहीत, आणि तिथले चामडे कालांतराने ठिसूळ होते.

चामड्याला वंगण लागते, पण थोडे. सीटसाठी मिळणाऱ्या तयार मलमांत मुख्यतः चरबी आणि मेण असते, म्हणजे नेहमीच्या तापमानाला घट्ट राहणारे पदार्थ. ते वरच्या थरात राहतात, पाणी अडवतात. खोबरेल पातळ असल्यामुळे खोलवर शिरते आणि चामडे आतून नरम करते, म्हणून ते नको. घरात काही असेलच तर मुठेल बरे. कोकमाच्या बियांची ही चरबी अंगाच्या उबेइतक्या तापमानालाच वितळते, पावसाळी गारव्यात दगडासारखी घट्ट असते आणि टाचांच्या भेगांना लावायला सिंधुदुर्गात घरोघरी ठेवतात. आधी पदराच्या आतल्या बाजूला लावून रंग किती गडद होतो ते पाहावे, मग पातळ हात द्यावा. वर्षातून दोनदा पुरे: पावसाआधी वरून आणि खालूनही, पावसानंतर फक्त वरून.

शेवटी चामडे नाकापाशी फाटते किंवा बोल्टाची चाल संपते. तेव्हा सांगाडा टाकू नये. जुन्या सीटांच्या कमानी आणि स्प्रिंगा चांगल्या पोलादाच्या असतात. रिवेटांची डोकी कानसून काढायची, जुन्या चामड्याचा कागदावर साचा घ्यायचा, आणि कोल्हापूरहून आणलेला पाठीच्या भागाचा जाड, वनस्पतींनी कमावलेला तुकडा रापीने कापून कोमट पाण्यात भिजवायचा. भिजलेला तुकडा सांगाड्यावर ओढून दोरीने आवळायचा, सावलीत चार-पाच दिवस पूर्ण वाळू द्यायचा, आणि मगच भोके पाडून तांब्याच्या रिवेटा मारायच्या. नट या वेळी पूर्ण सैल असावा, म्हणजे पुढच्या वर्षांसाठी बोल्टाची सगळी चाल शिल्लक राहते.